जातं बर्फाचं, हात पाण्याचा

चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, ही आता बातमीही राहिलेली नाही. त्याच जिल्ह्यात, पैनगंगेच्या पात्रात, इरई नावाच्या गावाजवळ चुनखडकाचा एक उघडा पट्टा आहे. १८७०च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फ्रान्सिस फेडन तिथे पोचले. त्यांना दिसलं की चुनखडकाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झाला आहे आणि त्यावर एकमेकांना समांतर ओरखडे आणि खोबणी उमटल्या आहेत. त्यावर बसलेला थर लहानमोठ्या दगडगोट्यांनी भरलेला होता. फेडन यांचा लेख १८७५ साली छापून आला. त्याआधी, १८५६ साली, ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी ओडिशातल्या तालचेरजवळ अशाच गोटेमिश्रित थराबद्दल लिहिलं होतं आणि हे काम बर्फाचं असावं असा तर्क केला होता. उष्ण कटिबंधात बर्फ कुठला, असं म्हणून बऱ्याच जणांनी तो तर्क हसण्यावारी नेला. चांद्याचा, म्हणजे चंद्रपूरचा, घासलेला खडक पुढे आला आणि हसणं कमी झालं. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी ही भूमी गोंडवनाचा भाग होती, दक्षिण ध्रुवाच्या बरीच जवळ होती आणि तिच्यावरून हिमनद्या सरकत होत्या. खंडं सरकतात असं म्हणणाऱ्या वेगेनर यांनीही पुढे हा पुरावा वापरला.

इथवरची गोष्ट अनेकांना ठाऊक असते. मला मात्र त्या ओरखड्यांबद्दल वेगळं कुतूहल आहे. बर्फ इथून गेला आणि अमुक दिशेने गेला, एवढं ओरखडा सांगतो. जाताना त्याने किती खडक नेला, कसा नेला, याबद्दल तो गप्प असतो. शाळेच्या पुस्तकात ‘हिमनदीचे कार्य’ या धड्यात यू आकाराची दरी, हिमगव्हर, शुककूट, गिरिशृंग, मेषशिला अशी यादी येते आणि सगळं श्रेय ‘सरकत्या बर्फा’च्या खात्यावर जमा होतं. हे खातं नीट तपासलं तर त्यातली मोठी रक्कम पाण्याच्या नावावर वळवावी लागते. बर्फाच्या बुडाशी पाणी नसेल तर बर्फ खडक कापत नाही, उलट तो खडक सांभाळतो. नुसतं पाणी असूनही भागत नाही. त्या पाण्याचा दाब सतत वरखाली व्हावा लागतो. गेल्या साठेक वर्षांच्या संशोधनाचं सार मला तरी असंच दिसतं.

आधी जुनं भांडण. आल्प्सच्या हिमनद्या एके काळी खूप खालपर्यंत पसरल्या होत्या हे लुई अगासी यांनी १८४०च्या सुमारास लोकांच्या गळी उतरवलं. पण बर्फ पसरला होता हे मान्य करणं वेगळं आणि बर्फाने दरी खोदली हे मान्य करणं वेगळं. १८६२ साली अँड्र्यू रॅम्झी यांनी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडलं की जिनिव्हासारखी मोठी सरोवरं म्हणजे हिमनद्यांनी खडकात खणलेली कुंडं आहेत. त्यावर रॉडरिक मर्चिसन आणि चार्ल्स लायल यांच्यासारखे दिग्गज तुटून पडले. कलासमीक्षक जॉन रस्किनही वर्तमानपत्री पत्रांतून या वादात उतरले. विरोधकांचा मुद्दा साधा होता. बर्फ मऊ आहे, खडक कठीण. खळग्यात शिरलेला बर्फ तिथेच साचून राहील आणि वरचा बर्फ त्याच्यावरून निघून जाईल. तो खड्डा खणेल कसा?

अमेरिकेत योसेमिटी दरीवरून असाच सामना रंगला. कॅलिफोर्नियाचे सरकारी भूवैज्ञानिक जोसाया व्हिटनी म्हणत की दरीचा तळ एकदम खचला. जॉन म्युअर म्हणत की हे काम हिमनद्यांचं आहे. म्युअर काही काळ मेंढ्यांमागे हिंडले होते, म्हणून व्हिटनींनी त्यांना मेंढपाळ म्हणून उडवून लावलं. (पदवी नसलेल्या माणसाचं निरीक्षण त्याच्या पेशावरून निकालात काढायची खोड फक्त आपल्याकडेच आहे असं नाही.) पुढे फ्रान्स्वा मॅथेस यांनी १९३० साली योसेमिटीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. म्युअर बरेचसे बरोबर ठरले, पण एका महत्त्वाच्या पुरवणीसह. खडकात भेगा जिथे दाट होत्या तिथे बर्फाने भरपूर खणलं. जिथे ग्रॅनाइट अखंड होता तिथे त्याला फारसं काही करता आलं नाही. एल कॅपिटानचा कडा आजही उभा आहे तो त्यामुळेच.

तरीही ‘बर्फ खडकाला राखतो’ म्हणणारा पक्ष मेला नाही. स्वित्झर्लंडचे आल्बर्ट हाइम त्या बाजूचे होते. इंग्लंडच्या गारवुड यांनी १९१० साली आल्प्सची कितीतरी भूरूपं बर्फाच्या राखणीमुळे झाली असं सविस्तर मांडलं. मोठ्या दरीतून बर्फ गेला, तिथे नदी वाहू लागली आणि ती खोल कापत राहिली. बाजूची लहान दरी मात्र बर्फाखाली झाकलेली राहिली, म्हणून ती लोंबती दरी झाली, असा तो युक्तिवाद. पाठ्यपुस्तकांनी या पक्षाला पुढे हरलेला ठरवलं. मला वाटतं, दोन्ही पक्ष खरं तेच सांगत होते, फक्त वेगवेगळ्या बुडांबद्दल.

कॅनडाच्या बॅफिन बेटावर पठारांच्या माथ्यावर बर्फाच्या पातळ टोप्या आहेत. त्या आता झपाट्याने आक्रसत आहेत. त्यांच्या मागे सरलेल्या कडेला गिफर्ड मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शेवाळाचे मेलेले झुबके सापडले. ते मुळाशी घट्ट, जिथे उगवले तिथेच होते. कार्बनवरून वय काढलं तर काही झुबके निदान ४० हजार वर्षांचे निघाले. म्हणजे एवढा काळ त्यांच्यावर बर्फ होता आणि त्या बर्फाने शेवाळाचा झुबकासुद्धा उपटला नव्हता. तो बर्फ तळाला खडकाशी थिजलेला होता. अशा हिमनदीत हालचाल होते ती वरच्या बर्फाच्या आतल्या आत, पत्त्यांचा जोड तिरका करावा तशी. तळचा पत्ता जागचा हलत नाही. ग्रीनलंडच्या मध्यभागी तीन किलोमीटर जाडीच्या बर्फाखालून काढलेल्या नमुन्यात फार जुन्या मातीच्या खुणा मिळाल्या, त्याही याच कारणाने टिकल्या. स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म डोंगरांच्या माथ्यावरचे ग्रॅनाइटचे नाजूक मनोरे हिमयुगांतून सुखरूप बाहेर आले, तेही असेच.

मग बूड ओलं केव्हा होतं? जमिनीच्या पोटातून थोडी उष्णता सतत वर येत असते. जाड बर्फ गोधडीसारखा ती धरून ठेवतो. वरच्या वजनाच्या दाबाने बर्फाचा वितळणबिंदूही जरा खाली येतो. किलोमीटरभर जाडीखाली तो शून्याच्या खाली एका अंशापेक्षा थोडा कमी इतका उतरतो. बर्फ सरकू लागला की घर्षणाचीही उष्णता मिळते. एवढ्यावर बुडाशी पाण्याचा पातळ थर तयार होतो. योहानेस वीर्टमन यांनी १९५७ साली सरकण्याचं गणित मांडलं. उंचवट्याच्या पुढच्या अंगाला दाब वाढतो, तिथे बर्फ वितळतो, ते पाणी उंचवट्याला वळसा घालून मागे जातं आणि पुन्हा गोठतं. मोठा उंचवटा असेल तर बर्फ स्वतः वाकून त्याच्यावरून जातो. या बारीक पाण्याच्या जोडीला उन्हाळ्यात दुसरं, कितीतरी जास्त पाणी येतं. पृष्ठभागावर वितळलेलं पाणी भेगांतून आणि उभ्या विवरांतून शेकडो मीटर खाली बुडापर्यंत पोचतं. खरा खेळ तिथून सुरू होतो.

खडक झिजण्याचे प्रकार मुख्यतः तीन. पहिला घासण्याचा. बर्फाला स्वतःहून ग्रॅनाइटवर चरा उमटवता येत नाही. शून्य अंशाजवळ त्याचा कठीणपणा नखापेक्षाही कमी असतो. पण बुडाच्या बर्फात दगड रुतलेले असतील तर तो पॉलिश कागद होतो. कागद म्हणजे बर्फ, वाळू म्हणजे दगड. हे १९व्या शतकापासून सगळे मानत आले आहेत. भांडण आहे ते दगड खडकावर किती जोराने दाबला जातो यावर. जेफ्री बोल्टन यांनी १९७०च्या दशकात आइसलंडच्या ब्रेइदामेर्कुरयोकुल आणि फ्रान्सच्या आर्जांतिएर या हिमनद्यांच्या बुडाशी खडकांच्या चकत्या बसवल्या आणि त्या किती झिजतात ते पाहिलं. संगमरवर बसाल्टच्या साधारण तिप्पट वेगाने झिजला. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाबद्दल मनात उगाच अभिमान दाटून येतो. बोल्टन यांचं म्हणणं असं की बर्फाचं वजन वजा पाण्याचा दाब, जे उरेल त्यावर दगडाचा जोर ठरतो. बर्नार्ड हॅले यांनी १९७९ साली याला छेद दिला. बर्फ मऊ आहे, तो दगडाला चहूबाजूंनी वेढून असतो. पाण्यात बुडालेल्या माणसाला वरच्या पाण्याचं ओझं खाली चेपत नाही, तसंच इथे वजन दगडाला खाली दाबत नाही. दगडाला खाली दाबतं ते बर्फाचं खडकाकडे येणं. बुडाशी बर्फ वितळत राहिला की वरचा बर्फ दगडासह खाली उतरत राहतो. म्हणजे हॅले यांच्या हिशेबात झीज वितळण्यावर आली. पुढे प्रत्यक्ष मोजमापं झाली तेव्हा घर्षण दोघांच्याही साध्या अंदाजांपेक्षा बरंच जास्त निघालं. हा वाद पुरता मिटलेला नाही, पण हॅले यांची दृष्टी टिकली आहे असं मला वाटतं.

घासण्यातून निघतं ते दगडाचं पीठ. गोमुखापाशी भागीरथीचं पाणी राखाडी, दुधट दिसतं ते या पिठामुळे. हिमालयात गेलेल्या आपल्या यात्रेकरूंना पाणी गढूळ वाटतं आणि ते पावसाला दोष देतात. कडक ऊन पडलेल्या दिवशी दुपारनंतर ते अधिक गढूळ का होतं, याचं उत्तर मात्र बर्फाच्या बुडाशी आहे. हे पीठ इतकं बारीक असतं की बाटलीत भरलेलं पाणी लवकर निवळत नाही.

दुसरा प्रकार उपटण्याचा, पुस्तकी भाषेत उत्पाटनाचा. मला हा सगळ्यांत जास्त लक्ष देण्याजोगा वाटतो, कारण हिमनदी जो खडक नेते त्यातला मोठा वाटा, निदान भेगाळ कठीण खडकात, असा ठोकळ्याठोकळ्याने जातो. दगडखाणीत पाथरवटाचं काम पाहिलं असेल तर हे लगेच कळेल. पाथरवट आख्खा दगड फोडत बसत नाही. तो दगडाची शीर हेरतो, ओळीने पाचरी बसवतो आणि एकेकीवर थोडं थोडं ठोकत जातो. एका घावाने काही होत नाही. फट आत सरकत जाते आणि मग एखाद्या बेताच्या घावालाही दगड दुभंगतो.

हिमनदीच्या बुडाशी पाचर आहे दाबाखालचं पाणी आणि घाव म्हणजे त्या दाबाचे चढउतार. कल्पना करा की तळखडकाला एक पायरी आहे. बर्फ वेगाने सरकत असेल तर पायरी उतरताना तो खडकाला लगेच टेकत नाही, मागे एक पोकळी राहते. लुई लिबुत्री यांनी १९५०-६०च्या दशकांत या पोकळ्यांचं महत्त्व दाखवलं. पोकळीत पाणी भरलेलं असतं आणि बर्फाचा बराच भार ते पेलून धरतं. दुपारी वरून पाणी येतं, दाब वाढतो, पोकळी फुगते, बर्फ जवळजवळ तरंगतो आणि वेगाने सरकतो. रात्री पाणी ओसरतं, दाब झपकन उतरतो. पाणी पेलत होतं तो भार आता कुणावर? पायरीच्या कडेवर. तेवढ्या अरुंद कडेवर सगळं ओझं एकवटतं आणि खडकातली जुनी भेग जरा पुढे सरकते. शिवाय भेगेच्या आत अडकलेलं पाणी तितक्या लवकर बाहेर पडू शकत नाही. पोकळीतला दाब उतरला तरी भेगेतला उतरत नाही, आणि ते आतून ढकलत राहतं. नील आयव्हरसन यांनी १९९१ मध्ये आणि हॅले यांनी १९९६ मध्ये हे गणित मांडलं. आज पुढे सरकली भेग, उद्या पुन्हा, अशा शेकडो दुपारी आणि रात्री गेल्या की ठोकळा सुटतो. मग बर्फ फक्त उचलून नेतो. मेषशिलेचं एक अंग घासलेलं आणि दुसरं तुटकं, खडबडीत का, ते यातून कळतं. चढावर घासणं, उतारावर उपटणं.

हे कागदावरच राहिलं असतं. पण नॉर्वेत एक विलक्षण सोय झाली. स्वार्तिसेन जलविद्युत प्रकल्पासाठी एंगाब्रेन हिमनदीखालचं पाणी गोळा करायला खडकात बोगदे खणले होते. त्यांच्याच आधाराने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे प्रयोगशाळा उघडली, सुमारे २०० मीटर बर्फाखाली. संशोधक बोगद्यातून वर जातात, गरम पाण्याच्या फवाऱ्याने बर्फात गुहा वितळवतात, उपकरणं लावतात आणि घाईघाईने बाहेर येतात, कारण बर्फ काही दिवसांतच गुहा गिळून टाकतो. डेनिस कोहेन आणि सहकाऱ्यांनी तिथे ग्रॅनाइटची, आधीच चीर पाडलेली एक पायरी बुडाशी बसवली. चीर वाढताना होणारे सूक्ष्म आवाज टिपायला तिला संवेदक जोडले आणि पायरीमागे पंपाने पाणी भरून दाब वरखाली केला. चीर वाढली ती दाब उतरल्यावर. काही आवर्तनांनंतर ती पार खालपर्यंत पोचली. २००६ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मी या विषयातला सर्वांत सुंदर मानतो. दीडशे वर्षांच्या वादातला एक मुद्दा पंप बंद केल्याने सुटला.

भेगांचं महत्त्व दुसऱ्या वाटेनेही पक्कं झालं. वैश्विक किरणांमुळे खडकाच्या वरच्या दोनेक मीटरांत बेरिलियम-१० तयार होतं. हिमनदीने तेवढा थर काढून टाकला असेल तर जुना साठा पुसला जातो. २०१०च्या एका अभ्यासात योसेमिटीच्या वरच्या भागातल्या ट्युओलमी कुरणांभोवतीचे ग्रॅनाइट तपासले गेले. भेगा विरळ असलेल्या खडकांत जुना साठा शिल्लक होता. म्हणजे अख्ख्या शेवटच्या हिमयुगात त्यांच्यावरून दोन-तीन मीटरसुद्धा खडक गेला नव्हता. मॅथेस डोळ्यांनी पाहून जे म्हणाले होते ते अणू मोजून खरं ठरलं.

आता पाणी बर्फाखालून वाहतं कसं? इथे एक गंमत आहे. साध्या नळात पाणी वाढलं की दाब वाढतो. बर्फाखालच्या मोठ्या बोगद्यात उलटं होतं. वाहत्या पाण्याच्या घर्षणाने बोगद्याच्या भिंती वितळतात, वरच्या बर्फाच्या वजनाने तो आवळला जातो आणि या दोन्हींचा तोल साधताना जास्त पाणी कमी दाबाने वाहू शकतं. हे हान्स रॉथलिस्बर्गर यांनी १९७२ साली दाखवलं. म्हणून मोठा बोगदा शेजारच्या लहान प्रवाहांचं पाणी ओढून घेतो आणि आणखी मोठा होतो. उन्हाळ्याच्या तोंडाला बोगदे नसतात. पाणी अरुंद फटींनी जोडलेल्या पोकळ्यांतून कसंबसं वाट काढतं, दाब वाढतो आणि हिमनदी उसळते. आल्मुट इकेन यांनी उंटरआर हिमनदीवर रोवलेले खांब या दिवसांत चक्क वर उचलले गेलेले मोजले. पुढे बोगदे तयार झाले की भरपूर पाणी असूनही हिमनदी मंदावते. म्हणजे ‘पाणी जास्त तितकी झीज जास्त’ हे सरळ समीकरण लागू पडत नाही. अवेळी, अचानक आलेलं पाणी जास्त काम करतं. अलास्कातल्या व्हेरिगेटेड हिमनदीने १९८२-८३ मध्ये उसळी घेतली तेव्हा ती एका टप्प्यावर दिवसाला ६५ मीटरपर्यंत धावली. जुलै १९८३ मध्ये बुडाखालचं कोंडलेलं पाणी पुरासारखं बाहेर पडलं आणि ती जागच्या जागी थांबली.

तिसरा प्रकार पाण्याने स्वतः खडक कापण्याचा, आणि याच्याकडे सर्वांत उशिरा लक्ष गेलं. अहिल्यानगर जिल्ह्यात निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे कुणी पाहिले नसतील? भोवऱ्यात सापडलेले गोटे फिरत राहून बसाल्टमध्ये रांजण कोरतात. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्न शहरात १८७२ साली दारूचं तळघर खणताना असेच रांजण निघाले. त्यातला सर्वांत मोठा साडेनऊ मीटर खोल आणि आठ मीटर रुंद आहे. तिथे नदी नव्हती, बर्फाखालचं पाणी होतं. एके काळी समज होता की विवरातून धबधब्यासारखं कोसळणारं पाणी खाली रांजण करतं. आता बुडाशी दाबाखाली, प्रचंड वेगाने वाहणाऱ्या पाण्यातले भोवरे हे जास्त पटणारं कारण मानतात. निघोज आणि ल्युसर्न यांच्यात कामाची रीत एकच, फक्त एकीकडे डोक्यावर आभाळ आणि दुसरीकडे बर्फ.

पण बर्फाचं झाकण असल्याने पाण्याला एक गोष्ट करता येते जी निघोजला शक्य नाही. ते चढावर वाहू शकतं. बंद नळासारखं दाबाखाली असल्याने त्याची दिशा ठरवते ती बर्फाच्या पृष्ठभागाची ढाळ. तळाच्या ढाळीपेक्षा तिचा जोर दहा-अकरा पट असतो, असं श्रीव्ह यांनी १९७२ साली दाखवलं. उत्तर जर्मनी, डेन्मार्क आणि उत्तर समुद्राच्या तळाखाली गाडल्या गेलेल्या लांबलचक खोल दऱ्या आहेत, काही ४०० मीटरहून खोल. त्यांचा तळ चढउताराचा आहे, मध्येच खोल, मध्येच वर. उघड्यावर वाहणारी नदी असा तळ करूच शकत नाही. तेल शोधताना केलेल्या भूकंपलहरींच्या चाचण्यांनी त्यांचे नकाशे मिळाले. त्या एका महापुराने कापल्या की वर्षानुवर्षांच्या वितळपाण्याने, यावर मतं आहेत. कॅनडाच्या जॉन शॉ यांनी तर हिमचादरींखालच्या अतिप्रचंड पुरांची मांडणी केली. ती बहुतेकांनी मान्य केली नाही आणि माझा कलही तिच्याकडे नाही. रोजच्या वितळपाण्याला पुरेसा वेळ दिला तर एवढ्या मोठ्या पुराची गरज उरत नाही.

पाण्याचं शेवटचं काम केरसुणीचं. जात्याभोवती साचलेलं पीठ बाजूला सारलं नाही तर दळण अडतं. बुडाशी साचलेला गाळ खडकाला झाकतो, आणि झाकलेला खडक झिजत नाही. वाहतं पाणी तो गाळ झाडून नेतं. ते जिथे थांबतं तिथे कापणंही थांबतं. नॉर्वेचा सोग्नेफ्योर्द आत १,३०० मीटरहून खोल आहे आणि समुद्राच्या तोंडाशी खडकाचा उंबरठा पाण्याखाली जेमतेम दीड-दोनशे मीटरवर. खळगा इतका खोल झाला, मग उंबरठा का राहिला? एक उत्तर असं: खळग्यातून चढावर जाणाऱ्या पाण्यावरचा दाब कमी होत जातो, त्यामुळे त्याचा गोठणबिंदू वर चढतो. चढ बर्फाच्या ढाळीच्या दीडेक पटीहून जास्त झाला तर घर्षणाची उष्णता पुरत नाही, बोगदे बर्फाने बुजतात, गाळ मागे राहतो आणि तळ झाकला जातो. रिचर्ड ॲली आणि सहकाऱ्यांनी अलास्काच्या माटानुस्का हिमनदीवर असं गोठतं पाणी पाहिलं आणि हा लगाम मांडला. रॅम्झींच्या विरोधकांना वाटलेली अडचण खोटी नव्हती. खळग्यात बर्फ अडत नाही, पण पाणी अडतं.

मग एकूण झीज किती? हॅले, हंटर आणि बोगेन यांनी १९९६ साली जगभरची मोजमापं एकत्र आणली. ध्रुवीय, थिजल्या बुडाच्या हिमनद्या वर्षाला ०.०१ मिलिमीटरच्या घरात. नॉर्वेच्या कठीण खडकावरच्या हिमनद्या ०.१. स्विस आल्प्सच्या लहान हिमनद्या १. आणि आग्नेय अलास्काच्या मोठ्या, वेगवान, ओल्या हिमनद्या १० ते १०० मिलिमीटर. दहा हजार पटींचा फरक! ‘हिमनदी किती खोदते’ हा प्रश्नच चुकीचा, ‘कुठली हिमनदी’ ते आधी सांगा, असं म्हणण्याइतका. ग्रीनलंडच्या लेव्हरेट हिमनदीखाली वाहून आलेल्या गाळावरून ४.८ मिलिमीटरचा दर निघाला. समुद्रांना मिळणाऱ्या गोड्या पाण्यात ग्रीनलंडचा वाटा टक्काभर, पण तरंगत्या गाळात सुमारे ८ टक्के, असं २०१७च्या एका अभ्यासात आढळलं. पॅटॅगोनियापासून अंटार्क्टिक द्वीपकल्पापर्यंतच्या हिमनद्या मिशेल कोप्स यांच्या चमूने ओळीने तपासल्या. दक्षिणेकडे, थंडीकडे जाल तशी झीज शेकडो पटींनी घटत गेली. फरक बर्फाचा नव्हता, बुडाच्या ओलाव्याचा होता.

या आकड्यांवर डोळे झाकून विसंबू नये. गाळ मोजला म्हणजे यंदाची झीज मोजली असं होत नाही. कधी मागच्या शेकडो वर्षांचा साठा एकाच उन्हाळ्यात धुऊन निघतो. कोप्स आणि मॉन्टगोमेरी यांनी २००९ साली दाखवलं की काही दशकांवर मोजलेला दर लाखो वर्षांच्या दरापेक्षा दसपट-शंभरपट जास्त निघतो, कारण आपण मोजतोय तो काळ हिमनद्या मागे हटण्याचा आहे. वेगाशी झिजेचं नातं काय, यावरही एकमत नाही. व्हेरिगेटेडवर हम्फ्री आणि रेमंड यांना सरळ प्रमाण दिसलं. बर्फ एक मीटर सरकला की सुमारे ०.१ मिलिमीटर खडक गेला. न्यूझीलंडच्या फ्रान्झ जोसेफ हिमनदीवर २०१५ साली वेगाच्या वर्गाशी प्रमाण निघालं. २०२०मध्ये जगभरच्या ३८ हिमनद्या घेतल्यावर ते पुन्हा सरळ प्रमाणाच्या जवळ आलं. एकाच सूत्रात सगळ्या हिमनद्या बसवण्याचा हट्ट सोडलेला बरा, असं मला वाटतं. सूत्रात वेग असतो, पण भेगांचं अंतर आणि दाबाचे चढउतार क्वचितच असतात. आता आर्जांतिएर आणि अलास्काच्या मेंडेनहॉल हिमनद्यांवर भूकंपमापक ठेवून बुडाखालच्या पाण्याची खळखळ आणि गोट्यांची आदळआपट ऐकली जाते. दाब तासातासाला कसा बदलतो ते त्यातून कळू लागलं आहे.

पर्वतांची उंचीच हिमनद्या छाटतात की काय, हा आणखी मोठा वाद. नंगा पर्वताच्या परिसरावरून १९९७मध्ये ‘हिमरेषेच्या वर हिमनद्यांची करवत चालते’ अशी मांडणी झाली. उलट २०१०मध्ये दक्षिण पॅटॅगोनियात दिसलं की थंड बर्फाने पर्वतांना झाकून त्यांचं रक्षण केलं. म्हणजे हाइम आणि गारवुड शंभर वर्षांनी परत आले, या वेळी नेमक्या अक्षांशासह.

आपल्या हिमालयापुरता हा प्रश्न आता बांधकाम खात्याच्या टेबलावर पोचला आहे. हिमनद्यांनी खणलेले खळगे अजून बर्फाने भरलेले आहेत. बर्फ मागे सरकेल तसं त्यांत पाणी साठेल. हिमालय-काराकोरममध्ये असे सोळा हजारांच्या आसपास खळगे असावेत, असं २०१६च्या एका गणिती अभ्यासात आलं. त्यांतलं प्रत्येक सरोवर सारख्याच धोक्याचं नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये सिक्कीमच्या दक्षिण ल्होनाक सरोवरात बाजूचा गोठलेला हिमोढ, म्हणजे बर्फाने आणून टाकलेला दगडमातीचा ढीग, कोसळला, लाट उसळली, पुढचा हिमोढाचा बांध फुटला आणि चुंगथांगचं धरण वाहून गेलं. दगडमातीचा सैल ढीग फुटतो. खडकाचा उंबरठा सहसा फुटत नाही, त्याच्यावरून लाट मात्र उसळून जाऊ शकते. त्यामुळे खालच्या खोऱ्यात धरण बांधणाऱ्याने वरच्या बर्फाबद्दल विचारायचा पहिला प्रश्न हा की खळग्याच्या तोंडाशी उंबरठा कशाचा आहे, खडकाचा की हिमोढाचा. त्याचं उत्तर रडार आणि भूकंपलहरींनी, बर्फ अजून जागेवर आहे तोवर, शोधता येतं.